दहापैकी सात

नऊच्या खालचा खेळ मी विकत घेत नसे. मंडईत हापूसची पेटी उघडून प्रत्येक आंब्याचा वास घेणारा मी माणूस, पण व्हिडिओ गेम घेताना मात्र अनोळखी लोकांनी दिलेले गुण बघून पैसे टाकायचो. एकदा साडेनऊवाला खेळ आणला. त्यात एक माणूस बर्फातून चालतो. चाळीस तास चालला. मला शष्प कळलं नाही. पण साडेनऊ म्हटल्यावर कंटाळा आला हा दोष आपलाच, असं समजून मी त्याला शेवटपर्यंत चालवला आणि वर स्वतःचे नऊ गुण देऊन मोकळा झालो.

मग धाकट्या बहिणीने खेळ केला. हडपसरच्या आयटी कंपनीतून तिने वर्षभर बिनपगारी रजा घेतली आणि घरी बसून, एकटीने. त्यात आपण मंडईतली भाजीवाली. गिऱ्हाईक घासाघीस करतं, निघताना वर कोथिंबीर फुकट मागतं, आणि ती द्यायची की नाही हे आपण ठरवायचं. हसू नका, फार अवघड आहे. ज्या वेबसाइटवर तिने तो विकायला ठेवला, तिथे पहिल्या महिन्यातल्या गुणांवर सगळा खेळ. आठच्या वर गेलात तर पहिल्या पानावर. सातच्या खाली घसरलात तर तळाला, करड्या अक्षरांत ‘संमिश्र प्रतिसाद’. महिन्यात चालला नाही तर रजा संपताच निमूट कामावर जाईन आणि पुन्हा या फंदात पडणार नाही, असं तिने आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं.

चूक तिने एकच केली. सगळ्या नातेवाइकांना खेळ घ्यायला लावला आणि म्हणाली, प्रामाणिक मत द्या. पुण्यात जन्मलेल्या पोरीने असा धोंडा पायावर पाडून घ्यावा याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आमच्या घरात ‘वाईट नाही’ म्हणजे चांगलं. ‘बरं आहे’ म्हणजे उत्तम. ‘छान’ हा शब्द आम्ही नावडत्या लोकांच्या घरून निघताना वापरतो.

मावशीने खेळ तीनदा पूर्ण केला आणि पाच गुण दिले. पोरीला सुधारणेला वाव राहायला हवा, म्हणाली.

बाबा शनिवार पेठेतल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. ते रोज नाश्ता झाला की चष्मा पुसून खेळायला बसत. कुठलं गिऱ्हाईक किती वेळा भाव पाडून मागतं, हे त्यांनी वहीत टिपून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी अंघोळ राहिली. तीन आठवड्यांनी त्यांनी सहा गुण दिले आणि खाली लिहिलं, ‘प्रयत्न स्तुत्य. मेथीशेजारी गवार कोणी मांडत नाही. अक्षर बारीक.’ मी म्हटलं, अहो बाबा, सहाच? तर म्हणाले, निबंधाला पैकीच्या पैकी देत नसतात. नोकरीत एकदाच एकाला आठ दिले होते, तो बिघडला.

आणि मी? मी सात दिले. सख्ख्या भावाने दहा दिले तर वशिला वाटेल, असा शहाणा विचार केला. घरात सगळ्यात जास्त गुण माझेच, म्हणून दोन दिवस ऐटीत होतो.

तिच्या ऑफिसातल्या नागपूर-अमरावतीकडच्या मैत्रिणींनी बिचाऱ्यांनी आवडला म्हणून सरळ दहा दिले होते. त्यांनी जेवढा वर चढवला, तेवढा आम्ही घरच्यांनी ओढून खाली आणला. महिनाअखेरीला सहा पॉइंट चार. करडी अक्षरं.

रजेच्या शेवटच्या रविवारी ती सोमवारसाठी कपड्यांना इस्त्री करत होती. मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, गुणांवर काय असतं, लोकांनी स्वतः खेळून ठरवायला पाहिजे. हे मी म्हटलं!

तिने इस्त्री उभी ठेवली. "दादा, माझा नसता तर सहा पॉइंट चारचा खेळ तू उघडून तरी बघितला असतास?"

मी उगाच म्हटलं, "अगं, पण मला खरंच आवडला. त्या बर्फवाल्यापेक्षा कितीतरी."

"त्याला नऊ दिले होतेस," ती म्हणाली आणि कॉलर उलटी करून इस्त्री फिरवू लागली.

मला माझीच लाज वाटली. खोलीत जाऊन मी सातचे दहा केले. आकडा सहा पॉइंट पाच झाला. अक्षरांचा रंग तोच राहिला.

सोमवारी संध्याकाळी ती हडपसरहून आली, तेव्हा बाबा वही उघडून तिची वाट बघत बसले होते. गवारीचं जमवून घेऊ, म्हणाले, पण पुढचा भाग कधी?

"नाही करणार, बाबा. लोकांना आवडला नाही."

बाबा खरोखरच चिडले. चष्मा काढून त्यांनी वहीवर ठेवला.

"आवडला नाही? कोण आहेत हे लोक?"

ती माझ्याकडे बघत होती. मी उठून चहा ठेवायला गेलो.