दरोडेखोर माशीचं नाव

"दरोडेखोर माशीची नवी जात सापडली कुणाला? तांड्यावरच्या पोरीला! शेवटी जात जातीला ओळखते, काय?"

आमचे पीएचडीचे गाईड भर सभेत माईकवर हे म्हणाले. सभागृह खदखदून हसलं. मी स्टेजवर, खांद्यावर त्यांनीच घातलेली शाल. समोर पहिल्या रांगेत माझी याडी. सरांनी मुद्दाम सांगितलं होतं, आईला बंजारा वेशातच आण, फोटो छान येतात. तिनं पेटीतून जुना फेटिया, तो घेरदार घागरा, काढला होता, आरशांची कांचळी घातली होती. सगळे हसले म्हणून तीही हसली. टाळ्यासुद्धा वाजवल्या.



ही माशी उडता किडा हवेतच धरते आणि शोषून घेते. म्हणून इंग्रजीत तिला दरोडेखोर म्हणतात. महागावकडे आमच्या तांड्यामागच्या माळावर मी ती धरली. एकटी पोरगी जाळी घेऊन फिरली की लोक काय काय बोलतात, म्हणून याडी मजुरी बुडवून माझ्यासोबत उन्हात बसायची. मग प्रयोगशाळेत माझे डोळे फुटायची पाळी आली. चेहऱ्यावरच्या ताठ मिशा, पंखांच्या शिरा, नराच्या शेपटाचं टोक उघडून काढलेली चित्रं. सगळं वर्णन माझ्या हातचं.

आमच्या शास्त्रात रीत आहे, वर्णन करणारा नाव ठेवतो. एकदा छापलं की ते कुणाला मर्जीनं बदलता येत नाही. मला याडीचं नाव द्यायचं होतं. सर म्हणाले, "संस्थेच्या अध्यक्षांचं देऊ. तांड्यावरच्या बाईचं नाव शास्त्रात शोभतं का?" मी तेव्हा गप्प बसले. पीएचडी त्यांच्या सहीवर होती.

सभेनंतर एसटीत याडीनं विचारलं, "सर काय म्हनले व? सारे हासून राह्यले होते."

मी सांगितलं. खरं तेच सांगितलं.

ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "माह्या आज्याले ठान्यात हजेरी द्या लागे. गावात चोरी झाली का पयले आमच्याच तांड्याची झडती घेत." आणि हळूच, "अन् मी बी हासली व त्याईच्यासंग."

मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी सरांपुढे उभी राहिले. "वर्णन माझं आहे. अध्यक्षांचं नाव पडणार नाही. आणि काल जे बोललात, त्याची माफी माझ्या आईची मागा."

"अगं, गंमत होती ती! एवढं काय लागतं तुम्हा लोकांना? पीएचडी अडेल हं तुझी."

"अडू द्या."

अडली. प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. माशीचे नमुने त्यांच्या कपाटात, कुलपात; वर्णन आणि चित्रं तेवढी माझ्याकडे. आणि याडी? चारचौघांत कुणी विनोद केला की आता ती आधी माझ्याकडे बघते. हसू का, म्हणून. हे मला सहन होत नाही. होणारही नाही.

कपाट त्यांचं असेल, माळ त्यांचा नाही. पाऊस उघडला की मी परत जाळी घेऊन उतरणार, नवा नर धरणार, दुसऱ्या विद्यापीठाचं दार ठोठावणार. माशीला याडीचं नाव लागेल आणि त्यापुढे वर्णनकर्ती म्हणून माझं आडनाव, तांड्याचं, जसंच्या तसं. तोवर ती बिननावाची राहील. त्यांनी ठरवलेलं अध्यक्षांचं नाव मी तिला लागू देणार नाही.