बटण, नाव नाही

त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. मुलगा आंधळा, त्याचा लॅपटॉप पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा, तेही इतक्या वेगानं की शेजारच्याला नुसती किरकिर ऐकू यायची. म्हणून रेडिओ. मी या विद्यापीठाच्या संगणक लॅबची असिस्टंट. अशी नावं ठेवणारी हुशार कार्टी दरवर्षी माझ्याच नशिबी येतात.

आमचं माहितीपत्रक वाचलंत तर आमच्याकडे सगळ्यांना जागा आहे. प्रत्यक्षात दोन पोरांच्या आईला 'काकू' म्हणून मागच्या बाकावर ढकलतात, अडखळत बोलणाऱ्याची नक्कल करतात आणि मुलीनं प्रश्न विचारला की आधी एकमेकांकडे बघून हसतात. रेडिओ या सगळ्यांना पुरून उरला होता. कोणी टोमणा मारला की तो इअरफोन कानात घालायचा आणि कामाला लागायचा.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिघांची टीम लागते. रेडिओला कोणी घेईना. शेवटी विभागप्रमुख सरांनी त्याला कॅप्टनच्या टीममध्ये घुसवलं. कॅप्टन म्हणजे वर्गाचा पुढारी, तिसरी डिझाइनवाली. न दिसणाऱ्यांना इमारतीत वाट सांगणारं ॲप करायचं ठरलं. वाट शोधायचा सगळा कोड रेडिओनं लिहिला. वर्ष वाया गेलं तर वडील त्याला घरी नेणार होते. त्यांचं शिवणाचं दुकान आहे. पोराला तिथे कोपऱ्यात बसवायचं, याच्यापुढे त्यांना काही सुचत नव्हतं.

"ताई, तिथे दिवसभर नुसता बसून मी काय करू?" असं त्यानं मला एकदा विचारलं होतं.

परीक्षेच्या सकाळी तो लॅबमध्ये फोन घेऊन उभा होता, चेहरा पार उतरलेला. डिझाइनवालीनं आदल्या दिवशी ॲपमधली साधी बटणं काढून तिथे छान छान चित्रं टाकली होती. जिन्याचं, लिफ्टचं, मदतीचं. चित्रांना आतून, फोननं वाचून दाखवायची नावं द्यायची मात्र राहिली. डोळ्यांनी बघणाऱ्याला यात काहीच चुकलेलं दिसत नाही. रेडिओच्या फोननं मात्र एकच धोशा लावला होता: "बटण, नाव नाही. बटण, नाव नाही."

"थोडा वेळ द्या, मी नावं टाकतो," रेडिओ म्हणाला.

"आता कोडला हात लावायचा नाही," कॅप्टन गुरकावला. "ऐन वेळी बिघडलं म्हणजे? तुला जागा पाठ आहेत ना? वर डावीकडे जिना, खाली मदत. इअरफोन घाल, दाब आणि चालत सूट. कोणाला कळतंय?"

"मला पाठ आहेत रे. बाकीच्या आंधळ्यांचं काय?"

"बाकीचे आंधळे आपल्याला मार्क देणार नाहीयेत."

डिझाइनवाली खुदकन हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण असिस्टंटला कोण विचारतो?

बाहेरचे परीक्षक आले. सर फोटोग्राफरला घेऊन आले. रेडिओला कॉरिडॉरमध्ये उभं केलं, हातात फोन दिला, हसायला सांगितलं. तो हसलाही. फोटो निघाला. मग त्यानं इअरफोनची पिन उपसली आणि आवाज पूर्ण मोठा केला.

"बटण, नाव नाही. बटण, नाव नाही. बटण, नाव नाही."

"हे काय चाललंय?" परीक्षक म्हणाले.

"सर, मला एवढंच ऐकू येतं. यातला जिना कुठला, तुम्ही सांगा."

परीक्षकांनी अख्खी टीम नापास केली आणि फेरपरीक्षा ठेवली. कॅप्टननं त्याच दिवशी रेडिओला टीममधून काढलं. "घरभेदी साला," हे सगळ्यांसमोर. सरांनी मान डोलावली आणि दोघांचीच टीम चालवून घेतली. म्हणे, टीमचं वातावरण बिघडतं. दुसऱ्या कुठल्या टीमनं त्याला दारातही उभं केलं नाही. फेरपरीक्षेला दुसरे परीक्षक होते. कॅप्टननं स्वतःच्या डोळ्यांना रुमाल बांधला, पाठ केलेली बटणं दाबली आणि ऐटीत जिन्यापर्यंत चालत गेला. टाळ्या पडल्या. दोघं पास. बटणांना नावं तेव्हाही नव्हती, मी स्वतः फोनवर ॲप उघडून ऐकलं.

टीम नाही म्हणून फेरपरीक्षा नाही, रेडिओचं वर्ष गेलं. वडील त्याला न्यायला आले. गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती, दुकानातून उठून तडक निघाले असावेत. सरांच्या केबिनबाहेर नवं पोस्टर लागलं होतं: फोन धरून हसणारा रेडिओ आणि वर मोठ्या अक्षरांत 'आमच्याकडे सगळ्यांना जागा आहे'. वडील पोस्टरसमोर थबकले. मुलानं विचारलं, "काय झालं, बाबा?"

तेवढ्यात सर बाहेर आले. "वाईट वाटतं हो," म्हणाले, "पण नियम म्हणजे नियम."

वडिलांनी पोस्टरवर बोट ठेवलं.

"पोरगा परत देताय," ते म्हणाले, "आणि फोटो ठेवून घेताय?"