मैनेचा पुढचा डावा पाय

"आधी हात दाखवा," ते म्हणायचे. आणि स्वतःचा उजवा पंजा घोडीच्या मानेवर सपाट ठेवून नुसते उभे राहायचे. घोडीने एक लांब श्वास सोडला की मगच खाली वाकायचे. समोर कोणी मंत्री उभा असता तरी तोवर त्याला थांबावं लागलं असतं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, जे काम सुरू करायच्या आधीच निम्मं काम करून मोकळं होतं. आमच्याकडे हे होते. धंदा नालबंदाचा. लोणावळ्यात पर्यटकांना फिरवणारी घोडी, वराळे-तळेगावकडची लग्नाची घोडी, सुदुंबऱ्याचे बैल, सगळ्यांच्या खुरांना नाल मारण्यात त्यांचं आयुष्य गेलं. वडील तेच करायचे, आजोबाही तेच. मूळ घर तिकोणा पेठेत. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी लोणावळ्यातल्या जनावरांच्या धर्मादाय दवाखान्यात ड्रेसर आहे, जखमा धुतो आणि पट्ट्या बांधतो. पण चाचा मला पहिल्या दिवसापासून 'कंपौंडर' म्हणायचे. दोन-तीनदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं.

आमचा दवाखाना देणग्यांवर चालतो. पंख्याच्या पात्यांवर नावं आहेत, पाण्याच्या टाकीवर नाव आहे, आणि व्हरांड्यातला एक बाक तर एका कुत्र्याच्या स्मरणार्थ आहे. चाचा नेमके त्याच बाकावर बसायचे. "ह्याच्या नावानं बसलं की कंबर दुकत न्हाई," म्हणायचे.

त्यांची स्वतःची देणगी वेगळी होती. दरवर्षी पशुवैद्यकीय कॉलेजची मुलं आमच्याकडे पंधरा दिवस शिकायला येतात. त्या पंधरा दिवसांसाठी चाचा आपली घोडी आणून दवाखान्याच्या आवारात बांधायचे. पांढरी, वरातीची, मैना नावाची. ऐन हंगाम असला तरी तिचा धंदा बंद. मुलं तिचे दात बघायची, नाडी शोधायची, पाय उचलायला शिकायची. कोणी चाचांना 'सर' म्हणालं की ते मागे वळून कोण आलंय ते बघायचे.

एकदा एक मुलगी मैनेचा पाय मांडीवर घेऊन इतका वेळ बसली की मैनेने निवांतपणे सगळा भार तिच्यावर टाकला. "सर, ही माझ्यावर बसतेय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"जागा दिली तर कोन बी बसंल," चाचा म्हणाले. "मांडी तुमची हाय, तुमी सांबाळा."

मैना मेली की ती पण कॉलेजला द्यायची, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. "जित्तेपनी शिकिवलं, मेल्यावर बी शिकवंल." ओळखीच्या घोडेवाल्यांनाही ते हेच सांगायचे. बैलाच्या मालकाजवळ मात्र हा विषय त्यांनी कधी काढला नाही. "बैल शेतात पुरत्यात, हळद-कुंकू लावून. ते त्यांचं हाय. आपुन आपल्या घोडीचं बोलावं."

शेवटच्या दोन वर्षांत मला एक गोष्ट दिसत होती. खिळा धरताना ते मान तिरकी करायचे आणि खुर अगदी नाकाशी आणायचे. मोतीबिंदू होता. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "माज्या बोटांला दिसतं." मी ते मान्य केलं, कारण मान्य करणं सोपं होतं.

नाल मारताना खिळा खुराच्या बाहेरच्या, मेलेल्या भागातून जावा लागतो. तिथे घोड्याला काही कळत नाही, आपल्या नखासारखंच. पण तांदळाच्या दाण्याएवढा आत सरकला की जिवंत मांस लागतं. चाचांनी हजारो खिळे मारले असतील. एक आत सरकला, आणि तो नेमका मैनेच्या पुढच्या डाव्या पायात.

ती चौथ्या दिवशी लंगडायला लागली. त्यांना वाटलं खडा रुतला असेल. त्यांच्या हातून खिळा चुकला असेल हे त्यांच्या मनात आलं नाही, आणि आमच्याही कोणाच्या आलं नसतं. ती खायची बंद झाली तेव्हा दवाखान्यात आणली. आमच्या डॉक्टरीणबाईंनी नाल काढला तर दुसऱ्या खिळ्याच्या भोकातून काळा पू आला. तोवर जबडा आवळला होता. धनुर्वात.

तीन दिवस आम्ही इंजेक्शनं दिली, खोलीत अंधार ठेवला, आवाज होऊ दिला नाही. चाचा मानेवर हात ठेवून उभे असायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी मैनेने श्वास सोडला आणि परत घेतला नाही. त्यांनी हात तसाच ठेवला. मग म्हणाले, "कंपौंडर, कालेजला फोन लाव."

गाडी यायच्या आधी त्यांनी काढलेल्या नालाचे ट्रेमधले खिळे बोटांनी चाचपले आणि त्यातला एक कागदात बांधून माझ्या हातात दिला. "म्होरला डावा पाय येगळा करून हितं परत धाडाया सांग. आन ह्यो खिळा संगट दे. माजा खिळा कुटं चुकला ते पोरांला दिसलं पायजे."

मी तो खिळा दिला नाही.

मी स्वतःला असं समजावलं की म्हाताऱ्या माणसाचं नाव जपायला हवं. आमच्याकडे सगळे घोडेवाले येतात. तीन पिढ्यांचा हात, आणि त्याचा चुकलेला खिळा दवाखान्याच्या काचेच्या कपाटात मांडायचा? कॉलेजच्या फॉर्मवर मी मृत्यूचं कारण 'धनुर्वात' एवढंच लिहिलं. जखम कशी झाली ही ओळ कोरी ठेवली. पुडी माझ्या खणात बँडेजखाली सरकवली. त्या दिवशी मला वाटलं, मी चांगलं काम केलं.

काही महिन्यांनी पाय परत आला. कॉलेजने खुराची एक बाजू कापून आतली रचना उघडी केली होती, वर वॉर्निश दिलं होतं. सोबत कार्ड होतं : 'घोड्याचा खुर, अंतर्रचना'. त्या वेळच्या डॉक्टरीणबाई तोवर दुसऱ्या गावी गेल्या होत्या. नव्या डॉक्टरांनी तो कपाटात ठेवला. चाचा बघायला आले. त्यांनी पाय हातात घेतला आणि अंगठा खुरावरून फिरवला. दुसऱ्या भोकावर अंगठा थांबला.

"ह्यातला खिळा?"

"वाटेत हरवला असेल," मी म्हणालो.

त्यांनी अंगठा भोकावरून काढला. मग म्हणाले, "कार्डावर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"म्हंजी मी नुसता पाय दिला," ते म्हणाले. "पाय समद्याच घोड्यांला असत्यात."

मी म्हणालो, "चाचा, खिळ्याचं लिहिलं तर लोक वाचतील. उद्या कोण घोडं आणेल तुमच्याकडे?"

"नगं आनूंदेत. मला दिसत न्हाई." हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी आपल्या पिशवीतून एक नवा खिळा काढला. अंगठ्याने भोक धरलं, खिळा त्याच वाटेने आत सरकवला आणि हातोडीने दोनदा हलकेच ठोकला. कापलेल्या बाजूने त्याचं टोक दिसायला लागलं, जिथे असायला नको होतं बरोबर तिथे. मग मला नवं कार्ड घ्यायला लावलं. "लिव. खिळा आत गेला. घोडी मेली." पुढे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. "दोनदा लिव. देनाराच्या जागी बी आन नाल मारनाराच्या जागी बी."

जाताना सांडशी, कानस, हातोडी, सगळी पिशवी दवाखान्यात ठेवून गेले. पुढच्या वर्षी मुलं आली तेव्हा तिकोणा पेठेहून रोज यायचे, मैनेशिवाय. तो पाय हातात घेऊन मुलांना सांगायचे, "हितनं गेला. हितनं जायाला पायजे हुता." आवाजात काही नसायचं. वेळापत्रक सांगावं तसं सांगायचे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. मी तिकोणा पेठेला गेलो होतो. घोडेवाले सगळे आले होते, म्हणजे कार्ड वाचूनसुद्धा आले होते. सगळ्यांनी मूठ-मूठ माती टाकली, मीही टाकली. मला काहीच वाटलं नाही. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. हात झटकले, एसटी पकडली, दवाखान्यात येऊन एका कुत्र्याचा कान साफ केला. कितीतरी आठवडे तसंच चाललं. जेवत होतो, झोपत होतो, त्या कुत्र्याच्या बाकाजवळून जाताना वळसा घालत होतो.

मग एक दिवस बँडेज संपलं म्हणून खण पूर्ण ओढला आणि कागदाची पुडी हाताला लागली. उघडली. खिळा गंजला होता. तेव्हा मात्र मला त्या कुत्र्याच्या बाकावरच जाऊन बसावं लागलं. त्यांनी घोडी दिली होती, आपली चूक दिली होती, आणि मी ती मधेच अडवून खोटं बोललो होतो. त्यांना ते ठाऊक होतं. तरी शेवटपर्यंत त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही.

मी कपाट उघडलं आणि तो खिळा पायाशेजारी ठेवला. कार्डाच्या खाली जागा होती. तिथे लिहिलं : 'खरा खिळा हा. तो मी लपवला होता.'

यंदाची मुलं आली आहेत. दुसरा खिळा कसला, असं कोणीतरी रोज विचारतं, आणि मला सगळं सांगावं लागतं, मानेवर हात कसा ठेवायचा इथपासून. चाचांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. ते कार्डावर दोनदा आहे. त्याखाली माझं एकदा.