सिस्टरनी घेतलेलं घर

"उभ्यानंच सांगा," असं त्या म्हणायच्या. डाव्या खांद्यावर पर्स, एक पाय अर्धा चपलेबाहेर आणि नजर दाराकडे. समोरच्यानं खुर्ची पुढे केली की त्या खुर्चीवर पर्स ठेवायच्या आणि स्वतः उभ्या राहायच्या.

मंगरूळपीरला एका संस्थेच्या दवाखान्यात त्या तीस वर्षं नर्स होत्या आणि मी औषधांच्या खिडकीवर. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे. त्यांचं नाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरलं नाही, मीही इथे वापरत नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हात रिकामे राहिले की त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. एकदा वॉर्डात काम नव्हतं, तर सिस्टरनी सगळ्या खाटांच्या चाकांना तेल घातलं. दुसऱ्या दिवशी एक पेशंट कूस बदलताना खाटेसकट भिंतीला जाऊन लागला. डॉक्टर ओरडले. सिस्टर म्हणाल्या, "चालती त झाली खाट!"

नवरा लवकर गेला होता. दवाखान्याच्या आवारातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये त्यांनी मुलगा वाढवला, शिकवला. तो पुण्याला कंपनीत लागला. संस्थेची नोकरी, त्यामुळे पेन्शन म्हणावी अशी नव्हती. निवृत्त झाल्या तेव्हा फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे एकदम हातात आले, आणि क्वार्टर सोडायची तारीखही त्याच पाकिटातून आली.

मग सल्ले सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, बँकेत ठेवा. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, माझ्या फ्लॅटमध्ये घाल. शेवटी तुझंच घर आहे." सिस्टरनी दोन दिवस सगळ्यांचं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, गाडीत पेट्रोल हाये का?"

"आहे. काहून?"

"घर पाहाले जाचं हाये."

"राहाले?"

"राहाले नाही. भाड्यानं द्याले. बँकेत पैसा झोपते. मले झोपलेलं काही पाहवत नाही."

पुढचे दोन महिने माझी सुट्टी त्यांच्या ताब्यात गेली. घर बघायची त्यांची रीत पेशंट बघायचीच होती. आत शिरल्या की पालथा हात भिंतीला लावून ओल बघायच्या. खिडकी उघडून वाऱ्याचा अंदाज घ्यायच्या. पाणी किती दिवसांआड येतं, हे घरमालकाला कधी विचारायच्या नाहीत, शेजारणीला विचारायच्या. "तापाचं पेशंटले इचारू नये भाऊ, त्याच्या मायले इचारावं."

शेवटी दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यामागच्या वस्तीत एक घर पसंत पडलं. दोन-दोन खोल्यांचे दोन भाग, वर स्लॅब, अंगणात कडुलिंबाचं झाड. एका भागाचं प्लॅस्टर बाकी होतं. होता-नव्हता तेवढा पैसा त्यात जाणार होता.

खरेदीखताच्या दिवशी मी साक्षीदार. सह्या झाल्या, फोटो झाला आणि अंगठ्यावर सगळं अडलं. यंत्रावर सिस्टरचा अंगठा काही केल्या उमटेना. पुसून पाहिला, ओला करून पाहिला, दुसरा लावून पाहिला. मागे रांग चुळबुळायला लागली. कारकून वैतागून म्हणाला, "बाई, तुमच्या बोटाले रेषाच नाहीत!"

सिस्टरनी दोन्ही तळवे वर करून पाहिले. "साबनानं गेल्या असतीन," त्या हळूच म्हणाल्या. "तीस वर्षं धुवून राह्यली ना."

कारकुनानं मान वर केली. मग त्यानं स्वतःच्या ड्रॉवरमधून खोबरेल तेलाची बाटली काढली. तो लाजत म्हणाला, "लावा थोडं. माह्या मायचाही असाच उमटत नाही." अकराव्या खेपेला अंगठा उमटला.

घर झालं. आता सिस्टर सुखानं राहतील असं तुम्हाला वाटेल. झालं भलतंच. त्यांनी स्वतःसाठी स्टँडमागे एक खोली भाड्यानं घेतली आणि स्वतःचं घर भाडेकरूसाठी मोकळं ठेवलं. मी म्हणालो, "एका भागात तुमीच राहा ना." तर म्हणाल्या, "दोन्ही भागाचं भाडं आलं तरच माह्यं भागते. अन् मी एकटी, मले एक खोली लय झाली."

पण भाडेकरू येईना. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. मुलानं फोन करणं सोडलं होतं. सिस्टर रोज सकाळी गाव ओलांडून जायच्या, रिकामं घर झाडायच्या, पुसायच्या, कुलूप लावायच्या. निघाल्यावर अर्ध्या रस्त्यातून परत जाऊन कुलूप ओढून पाहायच्या. संध्याकाळी पुन्हा एक चक्कर. वजन उतरलं, डोळे आत गेले.

एकदा मी तिकडून जात होतो. पाहतो तर सिस्टर पायरीवर बसलेल्या. मी गाडी थांबवली. इतक्या वर्षांत त्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, मी चुकली का वो?"

मी म्हणालो, "नाही."

"तुमी नाहीच म्हनसान." त्यांनी पदरानं पायरी पुसली, जिथे बसल्या होत्या तेवढीच. "पोरगं बोलून नाही राह्यलं. पैसा विटाईत गेला. मी आजारी पडली त वीट विकू का?"

मी त्यांच्याशेजारी टेकलो. थोड्या वेळानं त्याच उठल्या.

त्यानंतर पंधरा दिवसांनी एक बिऱ्हाड आलं. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्तरी, त्याची बायको, दोन मुली. सिस्टरनी हो म्हणण्याआधी न सांगता त्यांच्या जुन्या घरी जाऊन न्हाणी बघितली. "आरशासारखी हाये," म्हणाल्या आणि किल्ली देऊन टाकली. दुसऱ्या भागात एक मास्तर आले. पण सिस्टरची रोजची फेरी थांबली नाही. शेवटी मिस्तरीची बायको मावशीला बोलावं तसं म्हणाली, "खाला, तुमी रोज येता त शेजारचे इचारतात, भाडं थकलं का म्हनून!" मग त्या एक दिवसाआड जाऊ लागल्या.

वर्षभरानं मुलगा आला. मीही तेव्हा तिथे होतो. त्यानं घर फिरून पाहिलं, मिस्तरीकडचा चहा घेतला आणि अंगणात येऊन म्हणाला, "आई, विकून टाक. इथं कितीशी किंमत वाढणार?"

"किमतीसाठी घेतलं नाही."

"मग कशासाठी?"

सिस्टर लिंबाच्या खालचा पाचोळा पायानं गोळा करत होत्या. "तुह्याजवळ पैसे मांगाचं काम पडू नये म्हनून. मी मांगीन, तू देशीनही. पन एखाद्या महिन्यात तुह्या तोंडून 'नाही' निंघन. तो 'नाही' मले आयकाचा नाही, बाबू."

 मुलगा खाली वाकला आणि पाचोळा हातानं उचलू लागला. त्या दिवसापासून त्याचे फोन पुन्हा सुरू झाले.

मला त्या शेवटच्या दिसल्या स्टँडवर. पिशवी, छत्री, पाण्याची बाटली.

"कुठं?"

"केनवडले. एक घर हाये म्हनतात रस्त्यावर."

"सिस्टर, आता पैसा कुठून आणसान?"

"पाहाले पैसा लागते का? आल्यावर सांगतो." बस सुटत होती. त्या चालत्या गाडीत चढल्या, कंडक्टर ओरडला, त्यांनी हसून त्यालाच आत सरकायला सांगितलं.

नंतरच्या आठवड्यात त्या गेल्या. सकाळी छातीत दुखलं म्हणून आपल्याच दवाखान्यात चालत आल्या आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. मुलानं घर विकलं नाही. मिस्तरी आणि मास्तर अजून तिथेच आहेत.

दिवस झाल्यावर मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. केनवडचा माणूस होता. सिस्टर त्याच्याकडे माझा नंबर देऊन आल्या होत्या.

"त्या बाई येनार होत्या पुन्हा. आल्या नाहीत?"

मी सांगितलं.  पलीकडे कुठेतरी कोंबड्या ओरडत होत्या.

"घेनार नाहीत हे त मले तवाच समजलं होतं," तो म्हणाला. "पन त्याईनं मोरीत तांब्याभर पानी टाकून पाह्यलं. म्हने, उतार उलटा हाये, पानी घरात येते, लेकराईले खोकला त्याच्यानंच हाये. मी गवंडी लावून उतार फिरवला. तेच दाखवाचं होतं त्याईले."