एका पायाच्या वळ्या

संगमनेरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. त्याआधी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काही वर्षं फळमाश्यांवर काम केलं. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटं, तीच ही. त्यांच्या अळीत पुढं पंख होणाऱ्या पेशींच्या दोन चपट्या पिशव्या असतात, डावी आणि उजवी. दोन्ही आपापल्या वाढतात, तरी पंख सारखेच निघतात, कारण वाढ पुरेशी झाली की ती थांबवणारी जनुकं असतात. त्यातलं एक जनुक बिघडलेल्या अळ्या मी पाळायचे. त्या फुगत राहायच्या, पण कोशात जायच्या नाहीत. कापून पाहिलं तर पिशवीच्या जागी घड्यांवर घड्या पडलेला गोळा सापडायचा.

माझी मुलगी तान्ही होती. सासूबाई तिला पायांवर घेऊन तेल लावत होत्या.

"हिकडं ये गं," त्यांनी हाक मारली. "ह्या पायाच्या वळ्या बघ. लई मोठ्या हायेत."

"बाळसं असेल, आई."

"बाळसं काय एकाच पायाला येतं व्हय?"

मी शिवणाच्या डब्यातली टेप आणली. दोन्ही मांड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. एक मांडी जास्तच भरली. अळीतला तो गोळा डोळ्यांपुढं आला.

नाशिकचे डॉक्टर शांतपणे बोलले. "काही मुलांची एक बाजू जास्त वाढते. पायाचं फार मनावर घेऊ नका. पण अशा मुलांना क्वचित मूत्रपिंडात गाठ होते. शाळेत जायला लागली तरी काही वर्षं दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायची."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "मनावर घेऊ नका म्हणाले ना?" त्याला पाय ऐकू आला होता. मला गाठ.

मग वर्षानुवर्षं तो नाशिकचा रस्ता. सिन्नर मागं पडलं की मी जुने रिपोर्ट पुन्हा चाळायचे. मुलगी खिडकीतून उसाच्या बैलगाड्या बघून ओरडायची आणि मी तिच्या पोटाकडं बघत बसायचे.

एकदा सोनोग्राफी करणाऱ्या बाईंचा हात एकाच जागी थांबला. त्या उठल्या आणि मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेल्या. मुलगी विचारत होती, "आई, झालं का?" आत काय दिसलं असेल ते मला नीट माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. सोबत आलेल्या सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

डॉक्टरांनी मुलीला कुशीवर वळवून पुन्हा पाहिलं. "आतडं आड येतंय. मूत्रपिंड साफ आहे."

मी तिथंच खाली बसले.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, "धोक्याचं वय गेलं. आता नका येऊ." मुलीच्या एका चपलेला जाड तळ लावलाय, बाकी ती सगळ्यांसारखी पळते. सासूबाईंनी त्या दिवशी पुरण घातलं. आता तपासणार कोण, हेच माझ्या डोक्यात होतं.

अजूनही तिचे केस विंचरताना माझा हात नकळत बरगडीखाली जातो. दाबून बघते. ती वैतागते, "आई, सोड ना, गुदगुल्या होतात."