मामाचा मान

बायकोला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं. "काका, रक्त नीट घडवणारी जनुकं शाबूत आहेत, पण त्यांच्यावर कुलपं पडलीत. हे इंजेक्शन ती कुलपं काढतं. चार-सहा महिने लागतील. आधी रक्त आणखी उतरेल, तेव्हा घाबरून थांबू नका."

मी चौथी शिकलेला, पण मला पटलं. मेहुण्याला पटलं नाही. इंजेक्शनच्या दुसऱ्या फेरीनंतर रक्त उतरलं, ती पार गळून गेली. मी डहाणूला चिकू उतरवायला गेलो होतो, तेवढ्यात हा जीप घेऊन आला आणि बहिणीला तलासरीला आपल्या घरी घेऊन गेला. मी आणायला गेलो तर म्हणाला, "भावोजी, तुमची सुईच तिला खातेय." तिला पाठवलं नाही, रानातल्या मुळ्यांचा काढा पाजत बसला. तिसरी फेरी चुकली. तिने त्याच्याच ओटीवर जीव सोडला.

पुढच्या वर्षी मुलीचं लग्न होतं. आमच्यात नवरीला मामा मांडवात आणतो. हा नवी टोपी घालून, साडी घेऊन हजर. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तू आता कोणाला कुठं न्यायचं नाही. बस तिथं."

मुलीला शेजाऱ्याने आणलं. ती रडत होती. मेहुणा साडी मांडीवर घेऊन खाली मान घालून बसला, आणि मला बरं वाटलं.

ते औषध सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, हे बाईंनी नंतर सांगितलं. नसेल पडत. पण ते बघायचं त्याने माझ्या हातात ठेवलं नाही. नातवाच्या बारशालाही मी त्याला बोलावलं नाही.