पाठमोरी दोघं

दिनकर गेल्याचं मला सोसायटीच्या नोटीस बोर्डावरून कळलं. पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेखाली हिंदीत दोन ओळी होत्या. दिल्लीत मयूर विहारच्या एकाच इमारतीत तो चौथ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. तरी त्याच्या बायकोने, वहिनींनी, मला कळवलं नाही. का कळवावं? त्यांच्या जागी मी असतो तर मीही कळवलं नसतं.

आम्ही आधी आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये शेजारी होतो, एकाच सरकारी कार्यालयात नकाशे काढायचो. रविवारी तो स्कूटरला रंगांची पेटी बांधून फरीदाबादच्या पुढे टेकड्यांकडे जायचा. जुन्या युरोपीय निसर्गचित्रांचं त्याला वेड होतं... अफाट आभाळ आणि खाली इवलीशी माणसं. नव्वदनंतर त्या टेकड्यांवर बिल्डरांच्या पाट्या लागल्या, आणि मी सरकारी नोकरी सोडून त्यातल्याच एकाकडे लागलो. त्याच्या सेल्स ऑफिससाठी मीच दिनकरकडे मोठं चित्र मागितलं. त्याने महिनोन्‌महिने खपून ते केलं. ढगांनी भरलेलं आभाळ, टेकडी, मोहरीचं शेत, आणि बांधावर पाठमोरं जोडपं. शेत विकल्यावर ते बघायला आलेली ती दोघं त्याने खरोखरच तिथे पाहिली होती.

"चेहरे का नाही दाखवलेस?" मी विचारलं.

"चेहरे दाखवले तर आपण त्यांच्याकडे बघतो. पाठ दाखवली की त्यांच्याबरोबर उभं राहावं लागतं."

पहिल्याच गिऱ्हाइकाने त्या दोघांवर बोट ठेवलं. "भाईसाहब, ये कौन लोग हैं? ज़मीन पे कब्ज़ा तो नहीं है?" बिल्डरने मला सांगितलं, "इनको हटवाइए." दिनकरने साफ नकार दिला. "माणसं काढलीस तर नुसता प्लॉट उरेल, यार. तूही हात लावू नकोस." मी म्हटलं, "बिल्कुल नाही." आणि दुसऱ्याच दिवशी, चित्राचे तैलरंग अजून ओलसर असताना, त्या दोघांवर मी गवत रंगवलं. मला शाबासकी मिळाली, आणि लाज वाटते सांगायला, ती गोडही लागली.

दिनकर आला, चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. "गवत छान जमलंय," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो माझ्याशी कधीच बोलला नाही. लिफ्टमध्ये भेटला तर मजल्यांचे आकडे बघत राहायचा. माझा त्याच्यावरही राग आहे. एक शिवी दिली असती तर मी माफी तरी मागितली असती...

ते ऑफिस मोडलं तेव्हा चित्र मी गुपचूप घरी आणलं होतं. त्याच्या तेराव्यानंतर मी हार्डवेअरच्या दुकानातून रंग उतरवायचं औषध आणलं. त्या दोघांना मोकळं करावं, चित्र वहिनींच्या हाती द्यावं, मग त्यांनी दार लावून घेतलं तरी चालेल, असं वाटत होतं. कापसावर आधी माझं हिरवं आलं. मग तिच्या ओढणीचं लाल, त्याच्या पागोट्याचं मळकं पांढरं. माझा रंग आणि दिनकरचे रंग एकमेकांत मुरले होते. तिथेच थांबायला हवं होतं. मी पुसत राहिलो, कॅनव्हास उघडा पडेपर्यंत. चित्र आता कपाटामागे आहे. कापसाचा तो बोळा मात्र मला टाकवत नाही. ती दोघं आता त्यातच आहेत.